रजिस्ट्रीतला फोटो ग्रुपवर टाकला, आता वकिलाची नोटीस आली आहे

प्रश्न: जुलैत आम्ही एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. मुलगी सहा वर्षांची. सांगलीहून आलेल्या सासूबाई तिला रोज स्कूल बसपर्यंत सोडतात. एका रात्री मी न्यू जर्सीच्या लैंगिक गुन्हेगारांच्या रजिस्ट्रीत आमचा भाग शोधला, तर आमच्याच रस्त्यावरचं एक नाव निघालं, ‘टियर २’ म्हणजे मध्यम धोक्याच्या वर्गातलं. स्क्रीनशॉट काढून बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे सात नंबरमध्ये राहतात, मुलांना सांभाळा.’ दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा प्रिंट लाँड्री रूममध्ये चिकटवला. आता सात नंबरमधल्या गृहस्थांच्या वकिलाची नोटीस आली आहे, की तो माणूस मी नव्हेच, लेखी माफी मागा, नाहीतर बदनामीचा दावा लावू. मी कायदा मोडला का? नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर बालंट येईल का? असल्या माणसाला शाळेजवळ राहू कसं देतात? लीज मोडून निघता येईल का? बहीण कोथरूडला असते, ती विचारते आपल्याकडे अशी यादी कुठे मिळते?
– सौ. अ., एडिसन

तुम्ही पाठवलेलं रजिस्ट्रीचं पान आणि नोटीस, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली. पानावर घर क्रमांक १७ आहे. तुम्ही लिहिलंत सात. पानावर उंची ५ फूट ६ इंच आणि डाव्या हातावर गोंदण. नोटीस म्हणते, आमचे अशील सहा फुटांच्या वर आहेत आणि अंगावर गोंदण नाही. नाव आणि आडनाव तेवढं एक. गंमत म्हणजे हे गृहस्थ लाँड्री रूममध्ये तुम्हाला दोनदा भेटलेत, वरच्या ड्रायरमधले कपडे त्यांनीच काढून दिले, असं तुम्हीच तुमच्या ईमेलमध्ये लिहिलंय. म्हणजे उंची तुम्ही पाहिली होती. पण रात्री साडेअकराला फोनवर फोटो दिसला की उंचीचा रकाना कोण वाचतो?

तो रकाना वाचायचाच असतो. न्यू जर्सी स्टेट पोलिसांच्या रजिस्ट्रीत नाव, टोपणनावं, फोटो, जन्मतारीख, उंची, वजन, अंगावरच्या खुणा, पत्ता, गुन्ह्याचं वर्णन आणि गाडीची माहितीही असते. ती दिलेली असते ती अशा वेळी दोन सारख्या नावांची गल्लत होऊ नये म्हणूनच. पक्की ओळख बोटांच्या ठशांवरून पटते, नावावरून नाही. आणि ‘पटेल’ किंवा ‘स्मिथ’ असलं नाव असेल तर एडिसन ज्या जिल्ह्यात आहे त्या एकट्या मिडलसेक्स काउंटीत किती निघतील याचा विचार करा.

आता मुख्य प्रश्न. रजिस्ट्री पाहिली हा गुन्हा नाही, ती पाहण्यासाठीच आहे. खरी माहिती शेजाऱ्याला सांगितली, तर तेवढ्यानेही गुन्हा होत नाही. पण या माहितीच्या आधारे कोणी गुन्हा केला, म्हणजे मारहाण किंवा जाळपोळ, तर तो मूळ गुन्ह्याखेरीज तिसऱ्या श्रेणीचा वेगळा गुन्हा ठरतो. न्यू जर्सीत त्याला ३ ते ५ वर्षांची कैद आहे. त्याहून लहान गुन्हा, उदाहरणार्थ त्रास देणं, केला तरी ५०० ते १,००० डॉलर दंड वेगळा. म्हणून तो प्रिंट कोणी चिकटवला आणि त्यावर पेनाने काय लिहिलं, हे महत्त्वाचं. तुम्ही नाही चिकटवला, मान्य. ग्रुपमध्ये ज्याने चिकटवला त्याला विचारत बसू नका. ते काम तुमच्या वकिलाचं.

तुमची अडचण फौजदारीपेक्षा दिवाणी बाजूची आहे. चुकीच्या माणसाला लैंगिक गुन्हेगार म्हणणं ही बदनामीच, आणि न्यू जर्सीत असा दावा लावायची मुदत एक वर्षाची आहे. ‘मला वाटलं तोच’ हा पुरा बचाव नाही. निष्काळजीपणा किती, हे पाहिलं जाईल, आणि १७ चा ७ करणं हा निष्काळजीपणा नाही असं मला न्यायालयाला पटवता येणार नाही. मात्र तुम्ही लगेच चूक सुधारलीत तर नुकसानीचा आकडा आणि समोरच्याचा राग, दोन्ही उतरतात.

म्हणून आजच, त्याच ग्रुपवर, साध्या शब्दांत लिहा, की सात नंबरमध्ये राहणाऱ्या गृहस्थांबद्दल मी टाकलेली माहिती चुकीची होती, ते ती व्यक्ती नाहीत, कृपया तो फोटो पुढे पाठवू नका आणि कुठे लावला असेल तर काढा. ‘पण’, ‘तरी’, ‘काळजीपोटी’ यातलं काही जोडू नका. माफीला अट जोडली की ती माफी राहत नाही. जुना मेसेज मात्र आधी स्क्रीनशॉट काढून जपल्याशिवाय पुसू नका, ग्रुप सोडू नका, फोन बदलू नका. दावा येणार हे माहीत असताना पुरावा नाहीसा केला तर न्यायालय त्याचा अर्थ तुमच्याच विरुद्ध लावतं. आणि त्या गृहस्थांच्या दारावर लाडूचा डबा घेऊन जाऊ नका. तुम्ही ते प्रेमाने कराल, त्यांचा वकील ते कबुलीजबाब म्हणून वाचेल.

एक गोष्ट आमच्याकडचे लोक नेहमी विसरतात: भाडेकरूचा इन्शुरन्स काढलाय का? काही पॉलिसींत बदनामीच्या दाव्याचा खर्च येतो. कंपनीला नोटीस लगेच कळवा, उशिराने कळवलं म्हणून ते नाकारतात.

व्हिसाचं बोलायचं तर निव्वळ दिवाणी दाव्याने एच-१बी जात नाही. अटक किंवा फौजदारी आरोप झाला तर तो फॉर्ममध्ये दाखवावा लागतो आणि तेव्हा इमिग्रेशन वकील हवा. आज ती वेळ नाही.

आता शाळेजवळचं. या रजिस्ट्रीची सुरुवात आपल्याच राज्यात, हॅमिल्टन टाउनशिपमध्ये झाली. २९ जुलै १९९४ ला मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने मारलं. त्याला लहान मुलींवरच्या गुन्ह्यांत आधी दोनदा शिक्षा झाली होती आणि तिच्या आईवडिलांना याची काहीच कल्पना नव्हती. तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबरला, राज्याने ‘मेगन्स लॉ’ केला, १९९६ मध्ये केंद्राने. पण हा कायदा कळवण्याचा आहे, हाकलण्याचा नाही. रजिस्ट्रीत नाव असलेल्याला पोलिसांकडे पत्ता द्यावा लागतो, दरवर्षी आणि काहींना दर ९० दिवसांनी पडताळणी करून घ्यावी लागते, घर बदलायचं तर १० दिवस आधी कळवावं लागतं. शाळेपासून अमुक फुटांत राहायचं नाही, असं राज्याच्या कायद्यात सरसकट नाही. गॅलोवे आणि चेरी हिल या टाउनशिपांनी २,५०० फुटांचे नियम केले होते. २००९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण राज्याचा कायदा असताना गावांनी आपापली कुंपणं घालू नयेत. पॅरोलच्या देखरेखीखाली असलेल्यांवर वेगळ्या अटी असू शकतात. फ्लोरिडात चित्र अगदी उलटं, तिथे फुटांची बंधनं आहेत. म्हणून तिकडच्या मैत्रिणीने सांगितलेला नियम इथे लावू नका.

टियरचंही तसंच. इथे टियर माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती यावर ठरतो. काउंटी प्रॉसिक्युटर, म्हणजे जिल्ह्याचे सरकारी वकील, तो ठरवतात आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. पेनसिल्व्हेनियात टियर गुन्ह्यावरून ठरतो: पहिल्याला १५ वर्षं नोंदणी, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला जन्मभर. तेव्हा फिलाडेल्फियाचा टियर २ आणि एडिसनचा टियर २ एका तराजूत घालता येत नाहीत. इथे टियर १ पोलिसांपुरता राहतो, तो तुम्हाला इंटरनेटवर सहसा दिसणार नाही. टियर २ ची सूचना त्या भागातल्या शाळांना, पाळणाघरांना आणि नोंदणीकृत संस्थांना जाते. टियर ३ असेल तर पोलीस दारोदार जाऊन सांगतात. म्हणजे १७ नंबरमधल्या माणसाची तुमच्या मुलीच्या शाळेला बहुधा कल्पना आहे. प्राचार्य ते तुमच्याशी बोलणार नाहीत, पण बस थांब्यावर नजर ठेवा एवढं सांगायला हरकत नाही.

शोधायचंच असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याची राष्ट्रीय वेबसाइट फुकट आहे, सगळ्या राज्यांत एका वेळी शोधते आणि शेवटी तुम्हाला त्या राज्याच्याच पानावर नेते. न्यूयॉर्कला दीर राहतात म्हणालात: तिथे लेव्हल १, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा वर्ग, ऑनलाइन नाही, फोन करून विचारावं लागतं. पैसे घेऊन ‘आसपासचे गुन्हेगार’ दाखवणाऱ्या खाजगी वेबसाइटकडे वळूच नका, शिळा पत्ता हमखास मिळतो.

लीज. तुम्ही बिल्डिंगच्या ऑफिसला त्या माणसाला काढायला सांगितलंत, त्यांनी नकार दिला, बरोबर केलं. रजिस्ट्रीतली माहिती घर नाकारण्यासाठी वापरायला कायद्याची बंदी आहे, अपवाद धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणाचा. तुमच्या लीजमध्येही ‘मेगन्स लॉ स्टेटमेंट’ नावाचा परिच्छेद आहे. त्यात लिहिलंय की ही माहिती काउंटी प्रॉसिक्युटरच देतो, एजंटला ती मिळत नाही. म्हणजे ‘तुम्ही आम्हाला आधी सांगितलं नाही’ हा मुद्दा उभा राहत नाही. मोडायचीच असेल तर घरमालकावर नवा भाडेकरू शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करायची जबाबदारी आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच ते ठरवलं. तोपर्यंतचं भाडं तुमच्या डोक्यावर. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर ते मात्र मला दाखवा.

कोथरूडच्या ताईंना सांगा, भारतात अशी यादी आहे पण ती पोलिसांसाठीच आहे. २० सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला तेव्हा त्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या, सामान्य माणसाला त्या उघडता येत नाहीत. पण पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, नियम २०२० नुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या यांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायचीच आहे. शाळेच्या व्हॅनच्या चालकाचा तो कागद बघायला मागा. उगीच लाजू नका.

सासूबाईंची भीती मात्र मला खरी वाटते, ती नोटिशीने संपणार नाही. त्यांनी बस थांब्यावर १७ नंबरकडे बघत उभं राहू नये एवढंच. बालकांवरच्या अत्याचारांत करणारा नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ओळखीतलाच असतो. मुलीशी बोलायचं ते शिकवणीतल्या, नात्यातल्या, रोज घरी येणाऱ्या माणसांबद्दल: अंगाला हात लावून ‘आईला सांगू नकोस’ म्हणणाऱ्याचं आधी आईला सांगायचं. हे आजीने मराठीत सांगितलं तर ती ऐकेल.

नोटिशीत चौदा दिवसांची मुदत आहे, त्यातले पाच गेले. उत्तर तुमच्या हाताने नको. वकिलाकडे जाताना रजिस्ट्रीचं पान, ग्रुपचा स्क्रीनशॉट, इन्शुरन्सची पॉलिसी आणि नोटिशीचं पाकीट न्या. पाकीट फेकलं असेल तर कचऱ्यातून काढा, त्यावरचा टपालाचा शिक्का लागेल.