पहिलं टॅटू मशीन बनवण्याआधी

नवी फ्रेम कापायची घाई करू नकोस. आधी एखादं जुनं दोन कॉइलचं (तारेच्या वेटोळ्यांचं, विद्युतचुंबकावर चालणारं) टॅटू मशीन उघडून बघ. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीचंच तत्त्व आहे ते : कॉइल लोखंडी पट्टी खाली ओढते, स्प्रिंग स्क्रूपासून सुटते, करंट तुटतो, पट्टी परत वर. स्क्रूचं टोक काळं पडून खड्डे पडलेत? मग कपॅसिटर तपास. करंट तुटताना उडणारी ठिणगी गिळायचं काम त्याचं.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं, तेही एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरून सुचलेलं. म्हणजे आहे त्यात सुधारणा करण्यात कमीपणा काही नाही.

माझं पहिलं रोटरी, म्हणजे कॉइलऐवजी मोटरवर चालणारं मशीन, दिसायला झकास होतं. एका आर्टिस्टला दिलं, तर अर्ध्या तासात परत : "दादा, बोटांना मुंग्या येतायत." कॅमच्या (मोटरचं फिरणं सुईच्या वर-खाली हालचालीत बदलणाऱ्या चाकाच्या) समोरच्या बाजूला तोलाचं वजनच ठेवलं नव्हतं मी! मोकळं चालवताना कळलंच नाही. हातात धरून, सुई कातडीत जाताना कळतं. म्हणून आर्टिस्टच्या शेजारी निदान एक पूर्ण बैठक बस. तो मनगट कधी झटकतो, व्होल्टेज कधी वाढवतो, लिहून ठेव.

स्ट्रोक, म्हणजे सुई वर-खाली जाते ते अंतर, साडेतीन मिलीमीटरपासून सुरू कर. त्यावर बरीचशी कामं होतात. रेघेसाठी चार, मऊ शेडिंगला तीनच्या आसपास.

आणि बॉडीवर ती खोल नक्षी नको रे बाबा. शाई-रक्त त्यात अडकतं, पुसता पुसत नाही.