ओट्याचा ग्रॅनाइट घरातच कापणार आहेत. धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला तर पुरतो का?

नाही पुरत. ओला केलेलाही नाही. मी अठरा वर्षं साइट सुपरवायझर आहे आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं रुमालच बांधून काढली आहेत.

ग्रॅनाइट, काँक्रीट, वाळू, विटा, सगळ्यांत सिलिका असते. ब्लेडखाली तिची इतकी बारीक पूड होते की ती नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही, वर क्षयालाही वाट करून देतो. अमेरिकेत कामगारासाठी ८ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटरभर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका आहे, म्हणजे जेमतेम मिठाच्या एका कणाचं वजन! एकदा कटर बंद करून आम्ही चहाला गेलो. अर्ध्या तासाने आलो तर खोली स्वच्छ दिसत होती. फक्त खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात धूळ अजून तरंगत होती.

म्हणून मिस्त्रीला आधीच सांगा, कोरडं कापायचं नाही. पाण्याची नळी असलेला मार्बल कटर मिळतो, तोच आणायला लावा. धार ब्लेडवर पडायला हवी. दगडावर आधी पाणी शिंपडून काही होत नाही. हेल्पर भोक पाडलेल्या बाटलीने धार धरतो ते मला पटत नाही, हात ब्लेडच्या फार जवळ जातो. ‘पाण्याने रेघ पुसते’ म्हणतील. मेणाच्या खडूने मारायला सांगा. पाण्याशी वीज आहे, तेव्हा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच जोडा, टेप गुंडाळलेली वायर नको. जमलं तर हे सगळं गॅलरीत करून घ्या. राडा होणारच, पण तो ओला असतानाच पुसून घ्या. वाळला की पुन्हा धूळच, आणि मग झाडू मारला की सगळी परत हवेत.

याच्या जोडीला एन-९५ मास्क. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. हनुवटीखाली लटकवलेल्या मास्कबद्दल काय बोलायचं!

आणि हो, ओटा क्वार्ट्झचा ठरला असेल तर घरात कापूच देऊ नका. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तीस टक्के, या कृत्रिम दगडात नव्वदच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. मापं देऊन पाण्यावरच्या मशीनवर कापून आणा, सिंकच्या भोकासकट.