घरच्या वर्कशॉपसाठी थ्री-इन-वन शीट मेटल मशीन घ्यावं का, आणि किती इंची?

तुमच्या प्रश्नात ‘सगळे म्हणतात हे मशीन म्हणजे खेळणं आहे’ हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. 30 इंची रुंदीचं घ्यायचं, 52 इंची घ्यायचं की शिअर (पत्रा कापणारा), ब्रेक (वाकवणारा) आणि रोल (गोल करणारे) वेगवेगळे घ्यायचे हा तुमचा खरा प्रश्न, त्याच्याकडे येतोच, पण आधी त्या ‘खेळण्या’चं बघू.

माझ्याकडे 30 इंची आहे. वर तीन रोल, मध्ये शिअर, खाली ब्रेक. लाकूडकामाच्या डस्ट कलेक्टरचा हॉपर (नरसाळं), लेथखालचा चिप ट्रे, बेल्टवरची गार्डं, पॅनलचे डबे, सगळं ह्याच्यावर झालंय आणि त्यातलं एकही बाहेरून करून आणलेलं नाही. हॉपरचा वरचा चौकोन ते खालचा गोल हा तुकडा तर मी आजही आलेल्या माणसाला मुद्दाम दाखवतो.

आता आमचे साडूभाऊ. मोठ्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहेत, रोज सीएनसी प्रेस ब्रेक (पत्रा वाकवणारी कॉम्प्युटरवरची मोठी मशीनं) बघतात, त्यामुळे हाताने दांडा ओढून पत्रा वाकतो ह्यावर त्यांचा विश्वासच नाही. मशीन आलं तेव्हा बघायला आले आणि पहिलंच वाक्य, ‘अहो, एकात तीन म्हणजे तिन्ही अर्धवट.’ मी वाद घातला नाही. 20 गेजचा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा तुकडा घेतला (गेज हा जाडीचा नंबर, नंबर मोठा तितका पत्रा पातळ), चार कोपऱ्यांना खाचा मारल्या, आधी समोरासमोरच्या दोन बाजू वाकवल्या, मग ब्रेकच्या फिंगर (वरून दाबणाऱ्या पंचचे सुटे तुकडे) काढून डब्याच्या आतल्या मापाएवढ्याच ठेवल्या आणि उरलेल्या दोन बाजू उभ्या केल्या. कोपऱ्याला गुण्या लावून दाखवला, उजेड दिसत नव्हता. तर म्हणाले, ‘पातळ पत्रा आहे हो, हा तर हाताने पण वाकतो.’ म्हटलं वाकवा, बघू. विषय बदलला.

नंतर मी फोन घ्यायला आत गेलो आणि तेवढ्यात ह्यांनी भंगाराच्या खोक्यातून 16 गेजचा स्टेनलेसचा तुकडा शोधून काढला, शिअरमध्ये सरकवला आणि दांड्याला पाइप चढवून लोंबकळले. आवाज आतपर्यंत आला. बाहेर येऊन बघतो तर तुकडा थोडासा कापून तिथेच अडकलेला, पुढची कड खाली दुमडून दोन ब्लेडच्या मधे घुसलेली आणि साहेब हात झटकत उभे, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ वरच्या ब्लेडला डावीकडून साधारण हातभर अंतरावर दात पडला तो पडलाच. आजही लांब पट्टी कापली की कडेवर बरोबर त्या जागी बारीक टोक येतं, बोट फिरवलं की लागतं, कानस मारावी लागते. आणि घरात चार माणसं जमली की हेच गृहस्थ सांगतात की ह्यांच्या मशीनला साधा स्टेनलेस झेपला नाही.

साधा स्टेनलेस! हिशोब करा ना. मशीनच्या प्लेटवर लिहिलेली जाडी ही माइल्ड स्टीलची असते. माझ्या मशीनवर 20 गेज लिहिलंय, म्हणजे 0.9 मिमीच्या आसपास. 16 गेज म्हणजे 1.6 मिमी. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, तिरप्या ब्लेडने कापताना पण तेच, म्हणजे नुसत्या जाडीनेच तिप्पट झाला. वर स्टेनलेसची ताकद माइल्ड स्टीलच्या साधारण दीडपट धरा, झाला साडेचार-पाच पट लोड. स्वतःच्या कारखान्यातल्या प्रेसला हे पाचपट लोड देतील का? सुपरवायझर हाकलून देईल. पण घरगुती मशीन म्हटलं की कोणीही येऊन ताकद आजमावून बघतो.

ह्यातच तुमच्यासाठी कामाची गोष्ट आहे. लोक इंच बघून मशीन घेतात. इंच नका बघू, पूर्ण रुंदीला किती जाडी घेतं ते बघा आणि तुम्ही खरंच कुठली जाडी वापरता ते मायक्रोमीटर लावून मोजा, कारण गेज नंबरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, तोच 20 गेज जीआयमध्ये (जस्त चढवलेल्या पत्र्यात) 1 मिमी भरतो आणि साध्या एमएसमध्ये 0.9. आणि एक गैरसमज भयंकर पसरलाय, की अर्ध्या रुंदीचा तुकडा असेल तर दुप्पट जाडी चालते. नाही चालत. वाकवताना वर्गाच्या हिशोबाने जेमतेम 1.4 पट, ती पण कागदावर. आणि शिअरचं ब्लेड तिरपं असेल तर एका क्षणाला थोडीच जागा कापली जाते, त्यामुळे तुकडा अरुंद केला म्हणून काहीही फरक पडत नाही. साडूंचा तुकडा तळहाताएवढाच होता.

52 इंचीचं आकर्षण मला कळतं, चार फुटी पत्रा आडवा सरळ आत जातो. पण बीम (ब्लेड आणि पंच धरणारा आडवा जाड पट्टा) तोच ठेवून लांबी 30 वरून 52 केली आणि दर इंचाला तेवढाच जोर लावला तर मधला बाक जवळजवळ नऊ पट होतो. म्हणून नीट बनवलेलं 52 इंची चारशे किलोच्या आसपास जातं, 30 इंची शंभर-दीडशेत भागतं. कोणी हलकं 52 इंची दाखवत असेल तर ते मधोमध वाकवणारच नाही, दोन्ही टोकांना 90 डिग्री आणि मध्ये 85, मग बसा खालच्या डायखाली (ज्या खाचेत पत्रा दाबला जातो तिच्याखाली) मध्यभागी शिमचे, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे घालत. शिम तर 30 इंचीला पण घालावे लागतात, मी पण घातलेत, पण एकदा लावले की विसरून जाता येतं.

शिवाय 52 इंची घेतलं तर आठ बाय चारचा पत्रा पुढून मागे सरकवायला आणि फिरवायला जागा किती लागते ते जमिनीवर खडूने आखून बघा. बहुतेकांच्या शेडमध्ये मशीन मावतं, पत्रा मावत नाही. पत्रा विकत घेतानाच दुकानात 30 इंचाच्या आत पट्ट्या मारून आणायच्या, त्यांच्याकडे पॉवर शिअर असतो. मी तेच करतो. 40 इंची मधला मार्ग आहे असं म्हणतात, असेल, मी वापरलेलं नाही.

मशीन आल्यावर पहिल्या दिवशी पत्रा घालू नका, आधी ब्लेडमधली फट बघा. जाडीच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे 0.9 च्या पत्र्याला 0.05 ते 0.09 मिमी, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) डावीकडे, मध्ये, उजवीकडे तिन्ही ठिकाणी. मग साधा कागद कापून बघायचा, ब्लेडच्या पूर्ण लांबीत कुठेही न फाटता कापला पाहिजे. कारखान्यातून सेट होऊन येतं यावर विसंबू नका. फट जास्त राहिली की पत्रा कापला जाण्याऐवजी दुमडून खाली ओढला जातो आणि मग लोक म्हणतात ब्लेड बोथट आहे. शिअरचं वरचं ब्लेड आणि ब्रेकचा पंच एकाच बीमवर असतात, त्यामुळे बीम किती खाली येतो हे एकाचं बदललं की दुसऱ्यालाही लागू होतं, हा खरा वैताग आहे, मी स्टॉपजवळ पेंटची खूण करून ठेवली आहे.

ब्रेककडून फार अपेक्षा नको. खाली व्ही डाय असतो, त्यामुळे व्हीच्या तोंडाच्या साधारण पाऊणपटीपेक्षा लहान फ्लँज (वाकवायची कड) धरताच येत नाही, पत्रा आत घसरतो. 90 डिग्रीच्या पुढे जात नाही म्हणजे कडा पूर्ण दुमडून हेम करायचं काम ह्याच्यावर होत नाही. खोल डबा पण नाही, कारण फिंगर बीमपासून जेवढी बाहेर आहे तेवढीच डब्याची उंची मिळते, पुढे बाजू बीमला थडकते. ॲल्युमिनियम वाकवायचं असेल तर 5052 ग्रेडचं घ्या, 6061 टी-6 तीक्ष्ण वाकवलात की बाहेरच्या बाजूने तडकतो आणि दोष मशीनला मिळतो.

रोल मात्र माझा लाडका. साधारण दीड इंचाचे रोल असतात, त्यामुळे त्याहून बारीक नळी विसरा, आणि पत्रा स्प्रिंग होऊन उघडतो तो वेगळाच. दोन्ही टोकांना थोडा सपाट भाग राहतो, तो आधी लाकडी हातोड्याने पाइपवर वाकवून घ्यायचा. मागचा रोल एका बाजूला जास्त चढवला की सिलेंडरऐवजी कोन निघतो. नवीन माणसाला हे चुकून होतं, हॉपरसाठी मी मुद्दाम केलं. साडू त्या कोनाकडे बघून म्हणाले की त्यांच्याकडे लेझरने कापून येतं. लेझर कापतो हो, गोल कोण करतं?

वेगवेगळी मशीन्स घ्यायची का? तुमचं काम ऐंशी टक्के डबे असतील तर हो, सरळ बॉक्स अँड पॅन फोल्डर (डबे वाकवायचं वेगळं मशीन) घ्या, तो ह्याच्या ब्रेकपेक्षा चांगला आहे आणि ते मान्य करायला मला काही वाटत नाही. एकाच दिवशी थोडं कापणं, थोडं वाकवणं, थोडं गोल करणं असं मिश्र काम असेल आणि जागा एकाच मशीनची असेल तर थ्री-इन-वन, 30 इंची, जड असेल तेवढं बरं. दीड-दोन मिमीचा पत्रा रोज वापरायचा असेल तर ह्यातलं काहीच नको, तो प्रश्नच वेगळा आहे.

मागे कोणीतरी असंच विचारलं होतं की दांड्याला पाइप चढवला तर चालेल का. नाही. दांडा तेवढाच लांब ठेवलेला असतो ह्याला कारण आहे. आपल्या हाताने ओढून कापलं जात नसेल तर ते त्या मशीनचं काम नाही, एवढं तर प्रॉडक्शनमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं.

हो, एक राहिलं. हे मशीन वरून जड असतं, दांडा ओढताना पुढे झुकतं, त्यामुळे स्टँड जमिनीत बोल्टने बसवल्याशिवाय वापरू नका. आणि दोघं मिळून काम करत असाल तर दांडा ओढणाऱ्याला पलीकडचा हात कुठे आहे ते दिसत नाही. पत्रा मागून धरणाऱ्याने हात बाजूला घेऊन तोंडाने ‘ओढ’ म्हणायचं, मगच ओढायचं. सेकंडहँड मिळत असेल तर ब्लेडवर आडवं बोट नका फिरवू, एक लांब पट्टी कापून तिची कड बघा, सगळं त्या कडेवर दिसतं.