काच नव्हे, कॉर्निया

रत्नागिरी, आषाढ

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद,

प्रयोगशाळेत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घडवण्याच्या कामावर तू रुजू झालीस, हे वाचून आनंद झाला. छायाचित्रातली कोलॅजेन या प्रथिनाची चकती खरोखरच काचेसारखी स्वच्छ आहे; तरी तिला इतक्यात कॉर्निया म्हणू नकोस.

आधी एक साधा प्रयोग कर. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा ताजा डोळा आण (श्रावणाआधीच आण, नंतर दुकाने थंडावतात), त्याचा कॉर्निया कापून घे आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेव. सकाळी तो फुगून दुधाळ झालेला दिसेल. कोलॅजेनचे तंतू तेच असतात, पण पाणी शिरल्याने त्यांच्यातले अंतर बिघडलेले असते. माणसाचा कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यातला सुमारे ९० टक्के भाग म्हणजे स्ट्रोमा हा मधला थर, आणि तिथे कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू एकसारख्या जाडीचे व जवळजवळ सारख्या अंतरावर, थरावर थर असे रचलेले असतात, म्हणूनच प्रकाश विखुरत नाही. त्या रचनेत झिरपणारे पाणी आतल्या बाजूचा एंडोथेलियम, म्हणजे पेशींचा अवघा एकपदरी थर, अहोरात्र बाहेर टाकतो. होडीतले पाणी उपसणारा थांबला की काय होते, हे हर्णैच्या किनाऱ्यावर वाढलेल्या तुला सांगायला नको. माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्या, तर त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येतच नाहीत.

म्हणून चकती ओतण्याआधी, रुग्णाचा कोणता थर गेला आहे हे विचार. जपानमधील क्योटोतील नेत्रतज्ज्ञ शिगेरू किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या एंडोथेलियम पेशी सुईने डोळ्यात सोडल्या आणि त्या कॉर्नियाच्या मागे चिकटाव्यात म्हणून रुग्णांना तोंड खाली करून पडून राहायला लावले; ११ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे चकतीची गरजच नव्हती. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात डुकराच्या कातडीतील कोलॅजेनचे रोपण भारत व इराणमधील २० रुग्णांच्या पातळ झालेल्या कॉर्नियात बसवले गेले, आणि तिथे रुग्णांच्या स्वतःच्या पेशी आपले काम करतच होत्या. आपल्याकडे भातझोडणीत कुसळ लागून, बुरशी चढून, शेवटी डोळ्यात फूल पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचा स्ट्रोमाच व्रणाने भरलेला असतो. नुसत्या पेशी सोडून त्यांना दिसू लागणार नाही.

ताज्या चकतीची पारदर्शकता मोजून थांबू नकोस. ३७ अंशांवर, डोळ्यातल्या पाण्याइतक्या खारट द्रावणात चकती चार आठवडे ठेव, दर आठवड्याला जाडी मोज आणि टाका घालून पाहा. मऊ चकती टाका ओढताच फाटते, आणि शल्यविशारद तुझ्यासाठी वेगळा धागा शोधत बसणार नाही.

बुरशीचे नाव निघाले म्हणून सांगतो. एका जुलैत माझ्या पेशी वाढवण्याच्या सगळ्या थाळ्या बुरशीने गेल्या. पंधरा दिवस मी पेशींना पोसणाऱ्या नव्या सेरमला दोष देत राहिलो, आणि शेवटी इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेच्या कडेला काळपट रेघ सापडली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ट्रे दर आठवड्याला स्वतः धू, दुसऱ्यावर सोपवू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा जाडीच्या नोंदींची वही आण. फुगलेल्या चकतीचे आकडेही त्यात असू देत.

तुझा,
काका