पाऊस काढलाय, पण भिजल्यासारखं वाटत नाही

प्रश्न: ताई, मी कॉलेजला सेकंड इयरला आहे आणि घरीच लॅपटॉपवर दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतोय. आजीच्या कौलारू घरासमोर पाऊस पडतोय असा सीन आहे. पांढऱ्या तिरक्या रेषा काढून लूप केल्या (तीच ड्रॉइंग परत परत फिरवली) पण काचेवर ओरखडे उठल्यासारखं दिसतंय. थेंब मोठे करू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: अरे थेंब मोठे नको करूस, उलट अर्ध्या रेषा पुसून टाक. रेषा काढल्यास यात चूक काहीच नाही. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो, आपल्याकडे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, म्हणून एका फ्रेममध्ये तो फूटभर खाली गेलेला असतो, मग डोळ्याला थेंब दिसणार कुठून, रेघच दिसणार. जपानचा चित्रकार हिरोशिगे याने १८५७ मध्ये पुलावर अचानक सर आली त्याचं चित्र छापलं, त्यातही नुसत्या बारीक काळसर रेघाच आहेत, पण सगळ्या एकाच कोनात नाहीत, आणि पुलावरची माणसं बघ कशी अंग चोरून पळतायत!

तुझ्या सीनमध्ये मला वाटतं तेच राहिलंय. हवेतला पाऊस आपल्याला फार कमी दिसतो, तो कशावर पडतो ते दिसतं. अंगणातल्या डबक्यात थेंब पडला की पाणी जरा वर उडतं आणि गोल तरंग पसरतो, त्याला चार-पाच ड्रॉइंग पुरतात, फक्त दरवेळी जागा बदल. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या जपानी अ‍ॅनिमेशन फिल्ममधला बसस्टॉपचा सीन परत बघ. झाडावरून टपकन छत्रीवर थेंब पडतो, टोटोरोला, म्हणजे त्यातल्या अवाढव्य केसाळ प्राण्याला, तो आवाज इतका आवडतो की तो उडीच मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी धाडकन खाली येतं. मी कितीदा पाहिलाय तो, अजून अंगावर काटा येतो.

रेषांच्या तीन लेयर (एकावर एक थर) कर, दूरच्या बारीक, फिकट आणि हळू, मधल्या मध्यम, जवळच्या थोड्याच पण लांब आणि फास्ट, आणि लूप आठ ड्रॉइंगचा असेल तर क्रम उलटसुलट कर नाहीतर डोळ्याला लगेच कळतं. मागचे डोंगर पण धुरकट कर. आणि पाऊस कुठला ते आधी ठरव, वळवाचा असेल तर टपोरे थेंब आणि कोरड्या मातीवर काळे ठिपके, श्रावणातली भुरभुर असेल तर रेषा जवळपास नकोतच.

कौलांच्या पागोळ्या मात्र विसरू नकोस. पाऊस थांबला तरी त्या गळतच असतात, म्हणून शेवटी रेषांच्या लेयर बंद कर आणि पागोळ्या अजून पाच-सहा सेकंद तशाच चालू ठेव.