डेंग्यूचा ताप उतरल्यावरच रुग्ण अत्यवस्थ का होतो?

आपल्या पुतण्याचा डेंग्यूचा ताप पाचव्या दिवशी उतरला, त्याच संध्याकाळी त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागले आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी सलाईन एकदम कमी केले. हे असे का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, ऐन कापूस-सोयाबीनच्या दिवसांत, आमचे वॉर्ड या तापाने भरलेले असतात.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून साखर व प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर असतो, जमिनीवरच्या सारवणासारखा. डेंग्यूचा विषाणू एनएस१ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो (तपासणीत शोधतात ते हेच); ते प्रथिन आणि आपल्याच प्रतिकारशक्तीची रसायने मिळून हे सारवण उखडतात, त्याखालच्या अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतात आणि मग रक्तातील पाणी छातीत व पोटात झिरपू लागते. ही गळती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमका ताप उतरताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. तांबड्या पेशी वाहिनीतच राहिल्याने रक्त घट्ट होते.

रक्तदाब १०० आणि ८० निघाला की नातेवाईक म्हणतात, "बीपी तं बरोबर हाये, डॉक्टरसाहेब, घरी नेतो." मला मात्र त्याच आकड्यांची धास्ती वाटते, कारण दोहोंतले अंतर २० किंवा त्याहून कमी होणे म्हणजे आकसलेल्या वाहिन्यांच्या बळावर शरीराने दाब कसाबसा धरून ठेवलेला असणे. अशा वेळी हातपाय गार लागतात आणि नख दाबून सोडले, तर लाली परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. घरच्यांची सारी धावपळ प्लेटलेटच्या पिशवीसाठी चालते, पण प्लेटलेट चढवून ही गळती थांबत नाही. त्या घटकेला मोजूनमापून दिलेले सलाईनच जीव वाचवते.

अत्यवस्थ कोरोना रुग्णांत वाहिन्यांच्या याच अस्तराला सूज येऊन आत गुठळ्या होत, म्हणून तेथे गुठळ्या रोखणारे हेपॅरिन हे औषध द्यावे लागे. डेंग्यूत अस्तर मुख्यतः सैल पडते, फारसे मरत नाही, त्यामुळे ते एकदोन दिवसांत पुन्हा घट्ट होते आणि झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परतते. त्या वेळीही सलाईन पूर्वीच्याच वेगाने चालू ठेवले, तर ते पाणी फुप्फुसांत साचून रुग्णाला धाप लागते. पुतण्याला लघवी मोकळी होऊ लागताच बाटली उतरवली गेली असेल, तर ती याच कारणाने.