पेड लीव्हच्या टेबलाजवळ कुणी थांबतच नाही, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी एडिसनला राहते आणि आमच्या मंडळात स्वयंसेवक आहे. न्यू जर्सीच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्सबद्दल (बाळ झालं किंवा घरचं कुणी गंभीर आजारी असलं तर सुट्टीत पगाराचा काही भाग देणारी राज्याची योजना) आपल्या लोकांना माहितीच नसते म्हणून गेल्या गणपतीत मी टेबल लावलं, इंग्लिश पत्रकं ठेवली, स्टेजवरून सांगितलं पण. दिवसभरात जेमतेम सात-आठ जण आले. यंदा नीट करायचंय, कुठून सुरुवात करू?

उत्तर: अगं, तू हे मनावर घेतलंस याचंच मला खूप बरं वाटलं. मी स्वतः चार-पाच वर्षं अशी टेबलं लावलीत, त्यातून जे कळलं ते सांगते.

सगळ्यात आधी पत्रकातले शब्द बघ. आम्ही पहिल्या वर्षी मोठ्या अक्षरात 'भरपगारी रजा' छापलं आणि फसलो, कारण भरपगारी म्हटलं की माणूस पूर्ण पगार धरून चालतो. इथे मिळतात पगाराच्या ८५ टक्के, तेही वरच्या मर्यादेपर्यंत, २०२५ मध्ये ती आठवड्याला १,०८१ डॉलर होती. मग ज्याचा पगार मोठा त्याला वाटतं आपल्याला फसवलं. दुसरा शब्द डिसेबिलिटी. बाळंतपणाच्या आधीचे साधारण चार आठवडे आणि नंतरचे सहा, सिझेरियन असेल तर आठ, हे टेंपररी डिसेबिलिटीतून, म्हणजे स्वतःच्या आजारपणासाठी-बाळंतपणासाठी असलेल्या राज्याच्या वेगळ्या विम्यातून मिळतात आणि त्यानंतर फॅमिली लीव्हचे बारा आठवडे सुरू होतात. आमच्या पत्रकात कुणीतरी त्याचं भाषांतर 'अपंगत्व' केलं होतं, एका गरोदर मुलीने ते वाचलं आणि पत्रक सरळ परत ठेवलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आम्ही 'बाळंतपणात आणि आजारपणात मिळणारे पैसे' असं लिहितो, बस.

दुसरं म्हणजे टेबलावर पहिला प्रश्न एकच विचारायचा, 'तुम्ही काम कुठे करता?' राहता कुठे ते नाही. जर्सी सिटीत राहून रोज ट्रेनने मॅनहॅटनला जाणारे आपल्यात कितीतरी आहेत, त्यांना न्यू यॉर्कचा कायदा लागतो, तिथे बारा आठवडे पण ६७ टक्के आणि अर्ज वेगळा. हे विचारलंच नाही तर तू अर्धा तास समजावशील आणि सगळं चुकीचं.

आणि मग पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती. मोबाईलवर उघडायला सांगायचं. एक बाई आल्या होत्या, डेकेअरमध्ये काम करणाऱ्या, म्हणाल्या आम्हाला कसलं काय मिळतंय, हे आयटीवाल्यांसाठी. मी म्हटलं स्टब तर दाखवा, त्यात खाली एनजे एफएलआय (न्यू जर्सी फॅमिली लीव्ह इन्शुरन्स) अशी ओळ होती, थोडेसे डॉलर कापलेले. 'हे तर दर वेळी कापतात!' म्हणाल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. कारण हे पैसे मालकाचे नाहीत, फॅमिली लीव्हचा हप्ता पूर्णपणे कामगाराच्याच पगारातून जातो, २००९ पासून लोक घेतायत, आणि तरी आपल्या लोकांना मागायला संकोच वाटतो. हा संकोच त्या एका ओळीने जातो, भाषणाने नाही जात.

जागा कुठली? हॉलच्या कोपऱ्यात नको. महाप्रसादाच्या रांगेला लागून टेबल टाक, तिथे माणूस वीस मिनिटं उभाच असतो. आरती चालू असताना काही बोलू नको. माझ्या अनुभवात गणपतीपेक्षा संक्रांतीचं हळदीकुंकू जास्त कामाचं, बायका निवांत बसलेल्या असतात, वाणाबरोबर एक छोटं कार्ड दिलं की ते घरी जातं आणि फ्रिजवर लागतं. मराठी शाळेत रविवारी मुलं वर्गात असताना पालक बाहेर गाडीत बसून असतात, तिथेही जा. आणि प्लीज आपल्या देशी दुकानांचा ओक ट्री रोड सोडू नको, दुकानांत, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये राबणारी माणसं मंडळात येतच नाहीत, तिकीट परवडत नाही की सुट्टी मिळत नाही, खरी गरज त्यांना आहे. मॅनेजरला विचारून कार्ड बिलाच्या काउंटरवर ठेव.

राज्याच्या लेबर डिपार्टमेंटमधून बोलायला माणूस हवा असेल तर निदान दीड-दोन महिने आधी मेल टाक, त्यात किती लोक येतील, दुभाषी तुमचा की त्यांचा, हे स्पष्ट लिही. स्वयंसेवकांना एक गोष्ट बजावून सांग, कुणाचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहून घ्यायचा नाही, कुणाचा अर्ज आपल्या फोनवरून भरायचा नाही. आणि 'माझ्या केसमध्ये मिळेल का' याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, वहीत प्रश्न लिहून घ्यायचा, डिपार्टमेंटला विचारायचं आणि त्या माणसाला परत फोन करायचा. तो परत फोन केलास ना की पुढच्या वर्षी तोच माणूस चार जणांना घेऊन येतो.

हो, कार्डावर सासू-सासऱ्यांचं ठळक लिही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सासू-सासरे, आजी-आजोबा, भावंडं यांच्या गंभीर आजारपणासाठीही ही सुट्टी घेता येते. आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले ते याच ओळीपाशी.

प्रश्न: ताई, आमच्या टेबलाजवळ पुरुष फिरकत नाहीत, म्हणतात हे बायकांचं. काय करावं? (पार्सिपनीहून एक वाचक)

उत्तर: टेबलावर एक तरी बाबा बसवा, ज्याने स्वतः सुट्टी घेतलीय असा. आमच्याकडे एक जण आपल्या लेकीला कॅरियरमध्ये घेऊनच बसायचा, येणारा आपोआप विचारायचा. बाळाच्या जन्मापासून एका वर्षाच्या आत वडिलांनाही बारा आठवडे घेता येतात, सलग नको असतील तर तोडून तोडून पण, आणि सुट्टी सुरू झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. मात्र त्यांना हेही सांगा की पैसे मिळणं वेगळं आणि नोकरी शाबूत राहणं वेगळं, त्याचा कायदा वेगळा आहे, तेव्हा मॅनेजरशी बोलायच्या आधी तेवढं तपासून घ्यायचं. आणि डोहाळजेवणाला नवरा-बायको दोघंही असतात, तिथे एक कार्ड नवऱ्याच्या हातात द्या.